युरोप कुठे संपतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून

"बाई, तुम्ही सरळ उत्तर का देत नाही?"

पालकसभेत हे ऐकते, शिक्षकांच्या खोलीत ऐकते, स्पर्धा परीक्षांना बसलेले जुने विद्यार्थी फोन करतात तेव्हाही ऐकते. प्रश्न ठरलेला असतो: युरोप नेमका कुठे संपतो आणि आशिया कुठे सुरू होतो? सव्वीस वर्षं भूगोल शिकवूनही मी यावर एका वाक्यात बोलत नाही, याचं कुणाला नवल वाटतं, कुणाला राग येतो. मागच्या महिन्यात एका पालकांनी तोंडावर सांगितलं, "तुमच्यामुळे मुलगा पेपरात नकाशावर दोन रेषा काढून आला आणि गुण गेला." ते खरं आहे. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

उत्तर मला येतं, हे आधी सांगते. उत्तरेकडून उरल पर्वत, त्याच्याखाली उरल नदी, मग कॅस्पियन समुद्र, कॉकेशस पर्वताचा कणा, काळा समुद्र आणि शेवटी तुर्कस्तानातल्या बॉस्फरस ते दार्दानेल्स या सामुद्रधुन्या. झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. कित्येक वर्षं मी तेच म्हणत होते. फळ्यावर रेषा काढायची, मुलांनी ती वहीत उतरवायची, मी खाली लाल पेनाने सही करायची आणि पुढचा धडा घ्यायचा. परीक्षेपुरतं हवं असेल तर एवढं पुरेसं आहे, आणि ते मी आजही पहिल्या पाच मिनिटांत सांगते. मी उत्तर टाळते असं म्हणणाऱ्यांनी निदान ही पाच मिनिटं तरी मोजावीत.

पण मी तिथे का थांबत नाही, हे सांगायचं तर तेरा वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळबद्दल सांगावं लागेल. ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

आमच्या शाळेत आंतरशालेय प्रश्नमंजूषा होती. भूगोलाचे प्रश्न मी काढले होते आणि परीक्षकाच्या खुर्चीतही मीच होते. अंतिम फेरीत दोन संघ बरोबरीत आले. त्यातला एक आमच्याच शाळेचा. निर्णायक प्रश्न माझ्या गठ्ठ्यातला निघाला: युरोपातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत आमच्या संघातल्या आठवीच्या मुलीने बझर दाबला. "एल्ब्रुस. पाच हजार सहाशे बेचाळीस मीटर."

माझ्या उत्तरसूचीत आल्प्समधलं 'माँ ब्लाँ' लिहिलेलं होतं. एका जुन्या संदर्भपुस्तकातून मी तो प्रश्न उचलला होता, उत्तरासकट. दुसरीकडे कुठे पडताळून पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, "चूक." प्रश्न पलीकडे गेला, तिकडून 'माँ ब्लाँ' आलं, टाळ्या पडल्या.

ती मुलगी खाली बसली नाही. मंचाच्या मागच्या बाजूला, शोभेला म्हणून, आमच्याच वर्गातला जगाचा नकाशा टांगला होता. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटत आलेला. युरोप फिकट हिरवा, आशिया पिवळा. ती उठून नकाशापाशी गेली आणि काळ्या समुद्राच्या नि कॅस्पियनच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर बोट ठेवलं. म्हणाली, "बाई, रेषा इथून जाते. एल्ब्रुस रेषेच्या वर आहे. तुम्हीच शिकवलंत."

मी पाच-सहा फुटांवर बसले होते. शिखर दाखवणारा काळा त्रिकोण तिळाएवढा होता, त्याच्या खालून रेषा गेली होती आणि तो त्रिकोण हिरव्या रंगात होता. मला ते दिसलं. नीट दिसलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढची बरीच वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की त्या गोंधळात, त्या अंतरावरून काही कळलं नसेल. सगळं कळलं होतं.

मी म्हणाले, "उत्तरसूचीत आहे तेच ग्राह्य धरायचं. स्पर्धेत वाद घालायचा नसतो. जागेवर बस."

असं का बोलले? बाहेरच्या शाळांचे शिक्षक समोर बसले होते. आपल्याच शाळेच्या, आपल्याच वर्गातल्या मुलीसाठी बाईंनी निकाल फिरवला, असं कुणी म्हणू नये, हे डोक्यात होतं. त्या क्षणी तो मला प्रामाणिकपणा वाटला. आज वाटतं, मी चुकीची कबुली देण्यापेक्षा निःपक्षपाती दिसणं सोपं होतं म्हणून ते निवडलं. सभागृहात एवढंच म्हणायला हवं होतं की प्रश्न सदोष आहे, रद्द करते, दुसरा विचारते. नियमांत तशी तरतूदही होती. ते नियम मीच लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. खंडांच्या धड्याचं पान उघडलं. तिने काढलेली रेषा कॉकेशसवरून गेली होती, शिसपेन्सिलीने अगदी जपून, आणि खाली माझी लाल सही होती. तिने तक्रार केली नाही. फक्त विचारलं, "बाई, ही रेषा खोडू का?"

मी म्हणाले, "राहू दे."

एवढंच. आठवड्याभराने मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ढाल देऊन झाली, आता कशाला उकरून काढता. मी नाही काढलं उकरून. ती मुलगी पुढे दोन वर्षं माझ्या वर्गात होती. चांगले गुण मिळवायची, विचारलं तर उत्तर द्यायची. स्वतःहून प्रश्न मात्र तिने पुन्हा कधी विचारला नाही. दहावी झाली आणि ती गेली. मी माफी मागितलेली नाही.

त्यानंतर मी वाचायला लागले. खरं सांगते, ज्ञानाची ओढ म्हणून नव्हे. आपलं उत्तर कुठेतरी बरोबर ठरतं का, हे शोधत होते. आणि ठरलं! कॉकेशसच्या उत्तरेला, बरीच वर, कुमा-मानिच नावाची सखल पट्टी आहे. काही भूगोलज्ञ युरोपची हद्द त्या पट्टीवर मानतात. १९५८ मध्ये सोव्हिएत भूगोल संस्थेने पाठ्यपुस्तकांसाठी हीच रेषा सुचवली होती. तिच्यानुसार अख्खा कॉकेशस आशियात जातो आणि त्याबरोबर एल्ब्रुसही. मग युरोपात माँ ब्लाँच सर्वांत उंच. म्हणजे ज्या देशात एल्ब्रुस आहे त्याच देशातल्या भूगोलवाल्यांनी एके काळी त्याला युरोपच्या यादीतून बाहेर ठेवलं होतं.

वाचून मला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही. ज्या रेषेवर माझं उत्तर बरोबर ठरत होतं, तिचं नावही 'चूक' म्हणताना मला माहीत नव्हतं. आणि वर्गात शिकवलेली रेषा दुसरीच होती. एका रेषेवर शिकवायचं आणि दुसऱ्या रेषेवर गुण कापायचे, हे मी त्या मुलीच्या बाबतीत केलं. माझा सगळा आग्रह खरं तर इथूनच येतो. कुठलीही रेषा घ्या, पण जी घेतली ती आधी सांगा, आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

हे फक्त माझ्याच गठ्ठ्यात झालेलं नाही. सात खंडांतली सात सर्वोच्च शिखरं सर करणारा पहिला माणूस म्हणून डिक बास या अमेरिकन गिर्यारोहकाचं नाव घेतलं जातं, वर्ष १९८५. त्याने युरोपसाठी एल्ब्रुस धरलं होतं. ऑस्ट्रेलियासाठी त्याने धरलेलं कोशियुस्को २,२२८ मीटरचं. पण न्यू गिनीही त्याच खंडात मोजायचं ठरवलं तर पुंचाक जाया येतं, ४,८८४ मीटर. राइनहोल्ड मेसनर या गिर्यारोहकाने हे दुसरं धरलं, आणि आजही गिर्यारोहकांत दोन याद्या चालतात. पण तिथे माणूस आधी सांगतो की मी अमुक यादी घेतली आहे. मुलांना आम्ही तेवढंही सांगत नाही.

वाचत मागे मागे गेले तर हिरोडोटसपाशी पोचले. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा ग्रीक माणूस चक्क कुरकुर करतो की जमीन एक असताना तिला तीन नावं का, तीही बायकांची, आणि हद्द म्हणून नाईल आणि फासिस या नद्या कुणी ठरवल्या. फासिस म्हणजे आजच्या जॉर्जियातली रिओनी. काही लोक फासिसऐवजी तानाइस, म्हणजे दॉन नदी धरतात, हेही तो नोंदवतो. एवढं बोलून शेवटी म्हणतो की असो, रूढ नावंच मी वापरणार. मला तो माणूस फार जवळचा वाटला. माझी तक्रार आणि माझी अडचण, दोन्ही त्याने आधीच मांडून ठेवल्या होत्या.

पुढे दॉनच रूढ झाली आणि कित्येक शतकं युरोपची हद्द तिच्यावर राहिली. पण दॉनचा उगम मॉस्कोच्या दक्षिणेलाच आहे. उगमाच्या वर रेषा न्यायची कुठून? हा प्रश्न अठराव्या शतकात सुटला, आणि तो सोडवला एका युद्धकैद्याने. फिलिप योहान फॉन श्ट्रालेनबर्ग हा स्वीडिश सैन्यातला अधिकारी १७०९ च्या पोल्टाव्हाच्या लढाईनंतर रशियाच्या हाती सापडला आणि त्याची रवानगी सायबेरियात झाली. रशिया-स्वीडनच्या १७२१ च्या तहानंतर तो सुटला, आणि १७३० मध्ये त्याने जे पुस्तक नि नकाशा छापला त्यात हद्द उरलवर आणली. रशियन इतिहासकार तातिश्चेव म्हणत होता की कल्पना मुळात माझी. कुणाचीही असो, रशियाला ती सोयीची होती. पीटर सम्राटाला आपला देश युरोपीय म्हणून दाखवायचा होता, आणि उरलच्या अलीकडे मूळ देश, पलीकडे सायबेरिया ही त्याची वसाहत, अशी मांडणी या रेषेने आपोआप होत होती.

उरल हा काही हिमालय नव्हे. त्याचं सर्वोच्च शिखर नारोद्नाया जेमतेम १,८९५ मीटर. तिथे दोन जगं समोरासमोर उभी आहेत असं काही दिसत नाही, म्हणूनच रस्त्याकडेला इकडे युरोप, तिकडे आशिया असं सांगणारे खांब उभारावे लागले. पर्वत संपल्यावर रेषा ज्या नदीवर उतरते तिचं नाव १७७५ पर्यंत याइक होतं. पुगाचोव या कॉसॅकाने केलेल्या बंडाची आठवण पुसायची म्हणून कॅथरीन सम्राज्ञीने हुकूम काढून तिला उरल केलं. आम्ही मुलांना सांगतो, "पर्वत उरल, नदीही उरल, लक्षात ठेवायला सोपं." ते सोपं का झालं, हे त्या हुकमात आहे.

हे सगळं कळल्यावर मी एका टोकाची पार दुसऱ्या टोकाला गेले. चार-पाच वर्षं वर्गात मी सांगत होते की खंडांच्या सीमा खऱ्या नसतातच, त्या माणसाच्या डोक्यात असतात. मुलांना ते आवडायचं. मलाही त्यात मोकळं वाटायचं, कारण सगळ्याच रेषा खोट्या म्हटल्या की त्या संध्याकाळचा माझा दोषही थोडा हलका होत होता. हे तेव्हा उमगलं नव्हतं.

मग नववीच्या एका मुलाने घटक चाचणीत जगाचा नकाशा कोरा ठेवला आणि खाली लिहिलं, 'सीमा काल्पनिक असल्याने दाखवलेली नाही.' मी शून्य दिलं. तो येऊन म्हणाला, "बाई, तुम्हीच शिकवलंत."

तेच शब्द. मला क्षणभर काही सुचेना. या वेळी मात्र "जागेवर बस" म्हटलं नाही. त्याला घेऊन ग्रंथालयात गेले आणि नकाशात बाली आणि लोंबोक ही इंडोनेशियातली दोन बेटं काढून दाखवली. मधली सामुद्रधुनी अरुंद आहे, वीस ते चाळीस किलोमीटर. १८५६ मध्ये आल्फ्रेड वॉलेस हा ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ बालीहून लोंबोकला गेला आणि त्याला पक्षीच बदललेले दिसले. लोंबोकला काकाकुवा होते, बालीत नव्हते. बालीकडचे प्राणी-पक्षी आशियाचे, पलीकडचे ऑस्ट्रेलियाकडे झुकणारे. कारण खाली पाण्यात आहे. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने खाली गेली तेव्हा बाली आशियाच्या मुख्य भूमीला जोडलं गेलं, पण ही सामुद्रधुनी इतकी खोल आहे की ती तेव्हाही कोरडी पडली नाही. ही रेषा कुणा राजाने आखलेली नाही. मी त्याला म्हणाले, "ही तुझ्या-माझ्या डोक्यातली नाही ना?"

तो बराच वेळ नकाशा बघत राहिला. मग म्हणाला, "पण इथे तर अजून दोन रेषा आहेत." होत्या. वेबरची आणि लायडेकरची. प्राणी कोणते मोजायचे आणि किती मिसळले म्हणजे सरमिसळ म्हणायची, यावर रेषा पूर्वेला सरकते. मुलगा बरोबर बोलत होता. त्याचं शून्य मी तसंच ठेवलं, आणि ते बरोबर केलं की नाही यावर माझं मन आजही दोन्हीकडे जातं. नकाशा कोरा ठेवणं हे उत्तर नव्हे, असं मला वाटतं. पण त्याला कोरं ठेवायला मीच शिकवलं होतं.

आमच्या विज्ञानाच्या सरांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठे सरकते तुकडे पाहा, वाद मिटला. मी म्हणते, पाहा. युरोप आणि आशियाचा बराचसा भाग एकाच भूपट्टावर आहे. उरलपाशी तर पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी दोन भूखंड एकमेकांवर आदळून सांधले गेले. जिथे ते जोडले गेले तिथेच आपण ते वेगळे होतात असं म्हणतो. आणि भूपट्टच प्रमाण मानायचे तर भारत वेगळा खंड होतो आणि सायबेरियाचं पूर्व टोक उत्तर अमेरिकेत जातं. ते सरांना मान्य नाही. मलाही नाही.

"एवढी डोकेफोड कशाला? एका गुणाचा प्रश्न आहे," असं म्हणणाऱ्यांना मी मोरोक्कोचं उदाहरण देते. १९८७ मध्ये मोरोक्कोने युरोपीय समुदायात यायला अर्ज केला आणि तो देश युरोपातला नाही, या कारणावर अर्ज नाकारला गेला. सायप्रसला पुष्कळ नकाशे आशियात दाखवतात, संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीतही तो पश्चिम आशियात आहे, आणि तो देश २००४ मध्ये युरोपीय संघाचा सदस्य झाला. कझाकस्तानचा फुटबॉल २००२ पर्यंत आशियात होता, मग युरोपात गेला. उरल नदी जिथली तिथेच होती. ती त्यांच्या आतिराऊ शहरातून वाहते, एक काठ युरोप, दुसरा आशिया. म्हणजे मोठी माणसं रेषेचा अर्थ प्रसंगाप्रमाणे लावतात, आणि तेरा वर्षांच्या मुलीला मात्र तीच रेषा एकदाच नि कायमची ठरलेली असल्यासारखी पाठ करायला लावतात. याची मला चीड येते. हो, मी यावर वर्गात ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलते. त्यामुळे कधी कधी हवामानाचा धडा मागे पडतो. ती तक्रार योग्य आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दोन रेषा काढून गुण गमावलेल्या त्या मुलाच्या वडिलांना मी काय सांगू? त्याने दोन्ही रेषांना नावं दिली होती, आणि एल्ब्रुस कुठल्या रेषेने कुठे जातं हेही बाजूला लिहिलं होतं. माझ्या हातात पेपर असता तर मी पूर्ण गुण दिले असते. पण पेपर माझ्या हातात नव्हता, आणि असणार नाही, हे मला शिकवतानाच माहीत असतं. पाठ करणाऱ्या मुलाला गुण मिळतात आणि समजून घेणाऱ्याचे जातात. हे माहीत असूनही मी समजावत राहते. त्यात त्या मुलाचं भलं किती आणि त्या जुन्या संध्याकाळची माझी परतफेड किती, हे मला नीट वेगळं करता येत नाही.

यंदा पुन्हा प्रश्नमंजूषा आहे आणि भूगोलाचा गठ्ठा पुन्हा माझ्याकडे आला आहे. सर्वांत उंच शिखराचा प्रश्न मी लिहिला, मग खोडला. त्याच्या जागी लिहिलं: एल्ब्रुस ज्या पर्वतरांगेत आहे ती कोणत्या दोन समुद्रांच्या मध्ये पसरली आहे? काळा समुद्र आणि कॅस्पियन. यावर वाद नाही. सोबत काम करणाऱ्या नव्या बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "मॅडम, हा तर फारच सोपा झाला. तुम्ही अवघड प्रश्न टाळलात." मी गठ्ठा परत मागून घेतला आहे. द्यायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.